नाडीपासून पावलांपर्यंत : डॉ. एतियेन-ज्यूल मारे यांचा जीवनपरिचय

आपल्या मंडळातल्या बहुतेक घरांत आता कुणाच्या ना कुणाच्या मनगटावर पावले मोजणारे घड्याळ असते. सकाळी फिरून आल्यावर आज किती चाललो हे त्यात पाहण्याची सवयच झाली आहे. अर्धांगवायूच्या झटक्यातून सावरणाऱ्या रुग्णाच्या हाताला काडेपेटीएवढे यंत्र बांधून तो हात किती सलग हलतो आणि किती अडखळतो, हे मोजण्याचे संशोधनही जगभर चालू आहे. ही सारी नव्या जमान्याची कमाल वाटते. पण अंगावर यंत्र बांधून माणसाच्या चालण्याची रेघ कागदावर उमटवण्याचे काम दीडशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये झाले होते. त्यात वीज नव्हती. रबराच्या नळ्या, घड्याळाची चावी आणि काजळी धरलेला कागद एवढ्यावर ते भागले. हे करणारे डॉक्टर म्हणजे एतियेन-ज्यूल मारे. त्यांच्या आयुष्याची ही ओळख.

वडिलांची इच्छा आणि मुलाचा ओढा

मारे यांचा जन्म ५ मार्च १८३० रोजी फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातल्या बोन या गावी झाला. द्राक्षमळे आणि वाइन यांसाठी हे गाव आजही प्रसिद्ध आहे. वडील वाइनच्या धंद्यातच नोकरीला होते. मुलाचा ओढा मात्र यंत्रांकडे. हातात कसब होते आणि इंजिनिअर व्हावे असे त्याच्या मनात होते. वडिलांना मुलगा डॉक्टर झालेला हवा होता. आपल्याकडच्या घरांतही हा प्रसंग नवा नाही. शेवटी वडिलांचे चालले आणि १८४९ साली एतियेन वैद्यकीय शिक्षणासाठी पॅरिसला आला.

मुलाने वडिलांचे ऐकले, पण यंत्रांचा नाद काही सोडला नाही. रक्ताभिसरण या विषयावर प्रबंध लिहून १८५९ साली ते डॉक्टर झाले. त्यांच्या दृष्टीने हृदय हा पंप होता, धमन्या या लवचिक नळ्या होत्या आणि त्यांतून रक्त कसे वाहते हा यंत्रशास्त्राचा प्रश्न होता. दवाखाना काढून पाहिला, तो चालला नाही. मग त्यांनी प्रयोगांनाच वाहून घेतले. वडिलांना हवा होता तो डॉक्टर आणि मुलाला व्हायचे होते तो इंजिनिअर, असे दोघेही एकाच माणसात पुढे नांदले.

नाडीची रेघ

आपल्याकडचे वैद्य तीन बोटे मनगटावर ठेवून नाडी पाहत, तसेच युरोपातले डॉक्टरही पाहत. नाडी कशी चालते हे ज्याच्या त्याच्या बोटांना कळे. ते दुसऱ्याला दाखवता येत नसे, आणि आजची नाडी महिन्याभराने ताडून पाहायलाही काही उरत नसे. नाडीची हालचाल कागदावर उतरवण्याचा प्रयत्न जर्मनीत कार्ल फिएरोर्ट यांनी १८५५ च्या सुमारास केला होता. पण त्यांचे यंत्र अवजड होते. त्याची तरफ जड असल्यामुळे नाडीचे बारीक चढउतार तिच्या वजनातच विरून जात आणि कागदावर नुसती गोलसर, गुळगुळीत लाट उमटे. ती दिसायला सुबक होती, पण खरी नव्हती.

मारे यांनी १८६० साली मनगटावर बांधता येईल असे हलके यंत्र तयार केले. एक छोटी स्प्रिंग नाडीवर टेकलेली, तिला जोडलेली लांब पण अगदी हलकी काडी, आणि काडीच्या टोकापुढून घड्याळाच्या यंत्राने सरकणारी कागदाची पट्टी. नाडीचा अंशमात्र धक्का काडीच्या टोकाशी मोठा होऊन दिसे. या रेघेत प्रत्येक ठोक्यानंतर येणारी दुसरी लहानशी लाटही स्पष्ट उमटली. जड यंत्राने हीच लाट गिळून टाकली होती.

यातून मारे एक धडा शिकले आणि तो त्यांनी जन्मभर सांभाळला. यंत्र जड असेल तर ते खरे धक्के लपवते. उलट काडी सैल असेल तर ती स्वतःच थरथरते आणि नसलेले धक्के दाखवते. म्हणून आधी यंत्राची परीक्षा करायची आणि मगच माणसाची. आजच्या सेन्सरनाही ही गोष्ट जशीच्या तशी लागू आहे. त्याकडे शेवटी येऊ.

याच काळात लियोंचे पशुवैद्य ओग्यूस्त शोव्हो यांच्यासोबत मारे यांनी घोड्याच्या हृदयात नळ्या सोडून आतले दाब नोंदवले. हृदयाचा ठोका छातीवर जाणवतो तो नेमका कधी, यावर तेव्हा डॉक्टरांत मोठा वाद होता. जवनिका आकुंचन पावतात त्याच क्षणी तो जाणवतो, हे या रेघांनी दाखवले. १८६४ साली मारे यांनी पॅरिसमध्ये स्वतःची खासगी प्रयोगशाळा थाटली. काही वर्षांतच कोलेज द फ्रान्स या नामवंत संस्थेत त्यांना प्राध्यापकपद मिळाले.

बुटातली हवा

नाडीनंतर त्यांनी स्नायू आणि मग सारे शरीर हाती घेतले. त्यांचे आवडते साधन म्हणजे धातूची एक उथळ डबी, तिच्या तोंडावर ताणून बसवलेला रबराचा पडदा. दिसायला ती इवल्याशा डफासारखी, म्हणून फ्रेंचमध्ये तिला डफाचेच नाव मिळाले. अशा दोन डब्या रबरी नळीने जोडायच्या. एकीचा पडदा दाबला की हवा नळीतून दुसरीकडे जाते आणि तिचा पडदा वर उचलला जातो. त्या पडद्यावर काडी ठेवली की ती काजळीच्या कागदावर रेघ ओढते. म्हणजे हालचाल एकीकडे आणि लिखाण दुसरीकडे.

१८७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मारे आणि त्यांचे विद्यार्थी गास्तों कार्ले यांनी हीच युक्ती चालण्याला लावली. बुटाच्या जाड रबरी तळव्यात हवेची पोकळी ठेवली. पाऊल जमिनीवर टेकले की हवा दाबली जाई, आणि नळीतून तो दाब यंत्रापर्यंत पोहोचे. पुढे मारे यांनी नोंद करणारे यंत्रच इतके छोटे केले की पळणारा माणूस ते हातात घेऊन पळू शके. त्याच्या डोक्यावर आणखी एक डबी बांधलेली असे. तिच्या पडद्यावर शिशाचा तुकडा बसवलेला होता. डोके वर गेले की जडत्वामुळे शिसे मागे राही आणि पडदा दबे. डोके खाली आले की उलट होई. पळताना शरीर किती आणि कधी वरखाली होते, हे त्यावरून कागदावर येई.

१८७३ साली या प्रयोगांवरचे त्यांचे पुस्तक आले. माणूस चालताना एक तरी पाय जमिनीवर असतोच, पळताना मात्र दोन्ही पाय हवेत असण्याचा क्षण येतो, हे त्यातल्या रेघांवरून कुणालाही पाहता येत होते. त्यांनी घोड्याच्या खुरांनाही अशीच हवेची साधने बांधली आणि नोंदयंत्र स्वाराच्या हातात दिले. दौडणाऱ्या घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटतात, हेही त्यांतून दिसले. चित्रकारांनी शतकानुशतके काढलेले पुढचे-मागचे पाय फाकलेले घोडे त्यामुळे चुकीचे ठरले.

धक्के आणि श्रम

मारे यांना यात केवळ कुतूहल नव्हते. धक्के खात केलेले काम आणि सलग केलेले काम यांत श्रमांचा फरक पडतो का, हा प्रश्न त्यांना महत्त्वाचा वाटे. हातगाडी ओढणारा माणूस असो वा गाडीला जुंपलेले जनावर, प्रत्येक पावलागणिक पट्ट्याला हिसका बसतो आणि तेवढी शक्ती वाया जाते. ओढणारा आणि गाडी यांच्यामध्ये लवचिक जोड बसवला तर हिसके कमी होतात आणि तेच ओझे कमी श्रमात ओढले जाते, हे त्यांनी मोजून दाखवले.

१८७० च्या युद्धात प्रशियाकडून फ्रान्सचा पराभव झाला होता. सैनिक लांबवर न थकता कसे चालतील, तरुणांची शरीरे कशी कमावली जातील, याची सरकारला घोर चिंता होती. म्हणून मारे यांच्या कामाला सरकारचे आणि पॅरिस नगराचे पैसे मिळाले, आणि १८८२ मध्ये शहराच्या कडेला, बुआ द बुलोन्यच्या लगत, मोकळ्या जागेत त्यांचे शरीरशास्त्र केंद्र उभे राहिले. तिथे चालण्या-पळण्यासाठी ५०० मीटरचा गोल रस्ता होता. सैनिक, व्यायामपटू, मुले, घोडे असे सगळेच त्यावरून चालले.

प्रकाशाने लिहिणे

दरम्यान अमेरिकेत एडवर्ड मायब्रिज यांनी १८७८ साली ओळीने कॅमेरे मांडून धावत्या घोड्याची छायाचित्रे काढली. मारे यांच्या पुस्तकाने या विषयाला चालना दिली होती, आणि आता मायब्रिज यांच्या चित्रांनी मारे यांना नवी वाट दाखवली. नळ्या बांधलेला पक्षी मोकळा उडत नाही. प्रकाशाला मात्र वजन नसते. १८८१ मध्ये मायब्रिज पॅरिसला आले तेव्हा मारे यांनी त्यांचे आपल्या घरी स्वागत केले. या दोघांचा एक योगायोग असा की दोघेही १८३० च्या वसंतात जन्मले आणि दोघेही १९०४ च्या मे महिन्यात वारले.

मारे हिवाळ्यात इटलीत नेपल्सजवळच्या आपल्या बंगल्यात राहत. तिथे १८८२ साली त्यांनी बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवला. घोडा ओढला की त्यातली काच फिरे आणि एका सेकंदात १२ चित्रे निघत, प्रत्येक चित्र सेकंदाच्या ७२० व्या भागात. पाखरांवर नेम धरणारा पण एकही न पाडणारा हा पाहुणा म्हणजे वेडा असणार, असे आसपासच्या लोकांना वाटे म्हणतात. नेपल्सला राहण्याचे घरगुती कारणही होते. दुसऱ्याशी विवाह झालेल्या एका स्त्रीवर त्यांचे प्रेम होते आणि तिच्यापासून त्यांना फ्रांचेस्का नावाची मुलगी झाली. या नात्याला समाजात उघड जागा नव्हती. शरीराची प्रत्येक हालचाल जगापुढे मांडणाऱ्या या माणसाने घरची गोष्ट मात्र झाकूनच ठेवली.

एकाच काचेवर ओळीने अनेक चित्रे घेतली की ती एकमेकांवर चढत. यावर मारे यांनी साधा उपाय काढला. माणसाला डोक्यापासून पायापर्यंत काळे कपडे घालायचे, हातापायांच्या बाजूंवर पांढऱ्या चमकत्या पट्ट्या आणि सांध्यांवर ठिपके लावायचे, आणि काळ्या पार्श्वभूमीवरून त्याला चालवायचे. काचेवर माणूस उमटतच नसे, उमटत फक्त रेषा आणि बिंदू. उंचावरून उडी मारून पाय ताठ ठेवणारा आणि गुडघे वाकवून अलगद उतरणारा, यांची अशी चित्रे शेजारी ठेवली की फरक समजायला शास्त्र शिकावे लागत नाही. लेझीमच्या ताफ्यात नवखा पोर कुठे अडखळतो आणि मुरलेला गडी कसा वाहता हलतो, हे आपण डोळ्यांनी ओळखतो. मारे यांनी तेच मोजता येईल असे केले.

मदतनिसाशी फारकत

या केंद्रात त्यांचा उजवा हात होते जॉर्ज देमेनी. हे व्यायामशास्त्राचे मोठे चाहते होते. मारे नेपल्सला असत तेव्हा केंद्र तेच सांभाळत. १८८८ पासून मारे यांनी काचेऐवजी लांब पट्टीवर चित्रे घ्यायला सुरुवात केली, आणि चलच्चित्राच्या उंबरठ्यावर दोघे येऊन उभे राहिले. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनाच्या वेळी थॉमस एडिसन यांनीही मारे यांचे काम पाहिले.

इथेच दोघांत बिनसले. देमेनी यांनी बोलणाऱ्या माणसाच्या ओठांची चित्रे घेतली आणि ती फिरवून दाखवणारे यंत्र तयार केले. बहिऱ्या मुलांना ओठ वाचायला शिकवावे असा एक हेतू, आणि यातून धंदाही उभा राहील असा दुसरा. त्यांनी कंपनी काढली. मारे यांना हे रुचले नाही. डोळ्याला जे आधीच दिसते ते पुन्हा पडद्यावर दाखवण्यात काय मिळवले, असे त्यांचे मत होते. डोळ्याला जे दिसत नाही तेच त्यांना दाखवायचे होते. १८९४ मध्ये देमेनी यांना केंद्र सोडावे लागले. त्यांच्या बाजूनेही बोलण्यासारखे होते, कारण रोजची मेहनत त्यांची होती आणि नाव बव्हंशी गुरूचे झाले.

पुढच्याच वर्षी, २८ डिसेंबर १८९५ रोजी, ल्यूमिएर बंधूंनी पॅरिसमध्ये तिकीट लावून सिनेमा दाखवला. ७ जुलै १८९६ ला तो मुंबईच्या वॉटसन हॉटेलात पोहोचला. सावे दादा भाटवडेकर यांनी १८९९ मध्ये मुंबईत कुस्तीचा सामना चित्रित केला, आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये राजा हरिश्चंद्र पडद्यावर आणला. मारे यांनी ज्या वाटेकडे पाठ फिरवली ती वाट अशी आपल्या दारापर्यंत आली.

अखेरची वर्षे

उंचावरून सोडलेले मांजर नेमके पायांवर कसे पडते, याची त्यांनी १८९४ मध्ये घेतलेली चित्रे खूप गाजली. विज्ञान अकादमीचे ते १८७८ पासून सदस्य होते आणि १८९५ मध्ये अध्यक्ष झाले. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनाच्या वेळी खेळाडूंच्या हालचालींचा अभ्यास त्यांच्या देखरेखीखाली झाला. सत्तरीत असताना त्यांनी हवेच्या प्रवाहात धुराच्या बारीक धारा सोडून त्या अडथळ्याभोवती कशा वळतात याची छायाचित्रे काढली.

त्यांची शेवटची धडपड मात्र फारशी कुणाला आकर्षक वाटणार नाही अशी होती. प्रत्येक देशातल्या प्रयोगशाळेचे यंत्र वेगळे, म्हणून एकाची रेघ दुसऱ्याच्या रेघेशी जुळत नसे. सर्व देशांच्या नोंदयंत्रांची तपासणी व्हावी आणि मोजमाप एकसारखे असावे, यासाठी त्यांनी एक आंतरराष्ट्रीय संस्था उभी केली. मे १९०४ मध्ये पॅरिसला त्यांचे निधन झाले. त्यांच्या केंद्राच्या परिसरात पुढे रोलाँ गारो हे टेनिसचे मैदान झाले आणि त्यांच्या नावाची संस्थेची इमारतही काळाच्या ओघात त्याच मैदानाच्या विस्तारासाठी पाडली गेली. मारे यांचे स्मारक तेवढे तिथे आहे.

शिशाच्या तुकड्यापासून घड्याळापर्यंत

मनगटावरच्या घड्याळात आज जे सेन्सर असते त्याच्या पोटात सिलिकॉनचा अतिसूक्ष्म तुकडा बारीक स्प्रिंगांवर टांगलेला असतो. हात हलला की तो जडत्वाने मागे राहतो, आणि तेवढ्यावरून प्रवेग कळतो. मारे यांनी धावपटूच्या डोक्यावर बांधलेले शिसे आणि हा तुकडा, तत्त्व एकच.

हालचालीची सलगता मोजायची रीतही आता ठरत आली आहे. निरोगी माणूस पेल्याकडे हात नेतो तेव्हा हाताचा वेग एकदा वाढतो आणि एकदा कमी होतो, म्हणजे एकच टेकडी दिसते. अर्धांगवायूनंतर त्याच हालचालीत अनेक लहान टेकड्या दिसतात, कारण हात तुकड्यातुकड्यांनी पुढे जातो. रुग्ण सुधारू लागला की हे तुकडे एकमेकांत मिसळत जातात. प्रवेग किती झपाट्याने बदलतो, म्हणजे हालचालीत किती हिसका आहे, यावरून सलगता ठरवण्याचा विचार १९८५ मध्ये तामार फ्लॅश आणि नेव्हिल होगन यांच्या शोधनिबंधाने रुजवला.

पण मारे यांचा जुना इशारा इथेही कामी येतो. घड्याळातले सेन्सर हाताच्या हालचालीबरोबर गुरुत्वाकर्षणही मोजते. मनगट नुसते कलले तरी आकडे बदलतात आणि नसलेला हिसका दिसतो. पट्टा सैल असेल तर सेन्सर स्वतःच थरथरते. आकडे गाळून फार गुळगुळीत केले तर खरा अडखळा पुसला जातो, जसा फिएरोर्ट यांच्या जड तरफेखाली नाडीचा दुसरा ठोका पुसला गेला होता. चालताना तर प्रत्येक पावलाचा धक्का असतोच, त्याला दोष म्हणता येत नाही. म्हणून पेल्याकडे जाणाऱ्या हाताची मोजपट्टी चालणाऱ्या पायांना जशीच्या तशी लावता येत नाही.

घरातल्या ज्येष्ठांच्या चालण्याचा आकडा एखाद्या दिवशी घसरलेला दिसला तर लगेच घाबरू नये, आणि सुधारलेला दिसला म्हणून व्यायामही सोडू नये. आधी पट्टा नीट बांधला आहे ना ते पाहावे, काही दिवसांच्या नोंदी शेजारी ठेवाव्यात आणि मग डॉक्टरांना दाखवाव्यात. नाडीची पहिली रेघ काढतानाही मारे यांनी हेच केले होते. आधी यंत्र तपासले, आणि मग माणसाकडे वळले.